परका शब्द, घरचा कौल

अर्जेंटिनात १९४६च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती आणि त्या प्रचारातली सगळ्यात गाजलेली घोषणा होती, ‘ब्रेडन की पेरॉन’. यांतले हुआन पेरॉन उमेदवार होते. स्प्रुइल ब्रेडन उमेदवार नव्हते, मतदार नव्हते, त्या देशाचे नागरिकही नव्हते. ते अमेरिकेचे आधीचे राजदूत. पेरॉन यांच्यासमोर खरोखर उभे होते होसे तांबोरिनी. त्यांच्या पाठीशी रॅडिकल, समाजवादी आणि कम्युनिस्ट अशी एरवी एकमेकांशी न पटणारी मंडळी एकवटली होती. पण घोषणेत तांबोरिनींचं नाव नव्हतं. मतदानाला दोन आठवडे उरले असताना विरोधी उमेदवार चित्रातून पुसला गेला आणि त्याच्या जागी एक परदेशी माणूस उभा राहिला.

हे कसं झालं ते पाहण्यासारखं आहे. ब्रेडन १९४५च्या मे महिन्यात ब्युनोस आयर्सला आले आणि जेमतेम चार महिने राहिले. तिथे १९४३पासून लष्करी राजवट होती आणि पेरॉन हे तिच्यातलं सर्वांत वजनदार नाव. ब्रेडन यांना ही राजवट नाझींची पाठराखीण वाटत होती, आणि ते मत त्यांनी दूतावासाच्या चार भिंतींत ठेवलं नाही. ते जाहीर भाषणं करू लागले. विद्यार्थी, प्राध्यापक, वकील, बडे जमीनदार, सगळ्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं. सप्टेंबरात ते परराष्ट्र खात्यात वरच्या पदावर वॉशिंग्टनला परतले. तिथून १९४६च्या फेब्रुवारीत त्यांच्या खात्याने एक अहवाल काढला. तो ‘निळं पुस्तक’ म्हणून ओळखला जातो. अर्जेंटिनाच्या राज्यकर्त्यांचे नाझी जर्मनीशी कसे संबंध होते, याचे पुरावे त्यात मांडले होते आणि त्यातले बरेच कागद पराभूत जर्मनीच्या दफ्तरांतून हाती आलेले होते. पेरॉन यांनी त्या कागदांना मुद्देसूद उत्तर देण्यात वेळ घालवला नाही. निवड ब्रेडन आणि पेरॉन यांच्यात आहे, एवढंच त्यांनी सभेत सांगितलं. २४ फेब्रुवारीला मतदान झालं आणि निम्म्याहून जास्त मतं घेऊन ते निवडून आले.

ब्रेडन यांनीच पेरॉन यांना निवडून दिलं असं पुष्कळदा लिहिलं जातं. ते मला पटत नाही, कारण त्यात अर्जेंटिनाच्या कामगाराचा अपमान आहे. पेरॉन १९४३च्या अखेरीपासून कामगार खातं सांभाळत होते. शेतमजुरांसाठी त्यांनी १९४४मध्ये कायदा आणला. १९४५च्या डिसेंबरात वर्षाला तेराव्या महिन्याचा पगार देण्याचा हुकूम काढला. त्याआधी, ऑक्टोबरात, त्यांना अटक झाली तेव्हा १७ तारखेला कारखान्यांतले कामगार लोटत ब्युनोस आयर्सच्या प्लाझा दे मायो या चौकात आले आणि त्यांना सोडवूनच थांबले. या लोकांचं मत ठरलेलं होतं. ते कोणत्याही राजदूतामुळे बदललं नसतं.

ब्रेडन यांच्या शब्दाने झालं ते वेगळंच. ज्यांना पेरॉन यांच्याविषयी खऱ्या शंका होत्या, त्यांची तोंडं बंद झाली. वर्तमानपत्रांचं काय होणार, न्यायालयांचं काय होणार, लष्करातून आलेला माणूस सत्ता सोडेल का, हे प्रश्न अर्जेंटिनातल्या माणसांनी अर्जेंटिनातल्या माणसांना विचारायचे होते. पण फेब्रुवारीत जो कोणी ते विचारी, तो ब्रेडनचा माणूस ठरे. पुढे पेरॉन यांच्या राजवटीत सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांवर महाभियोग चालवून त्यांना काढलं गेलं आणि १९५१मध्ये ‘ला प्रेन्सा’ हे जुनं, प्रतिष्ठित वर्तमानपत्र ताब्यात घेतलं गेलं. म्हणजे त्या शंका रास्त होत्या. त्या घरच्या माणसाच्या तोंडून ऐकण्याची वेळ परक्याने हिरावून घेतली.

हे पुस्तक अशाच निवडणुकांविषयी आहे. एखाद्या देशाने आपला नेता निवडताना बाहेरच्यांना काय वाटतं, याचा विचार करावा का? प्रश्न कॉलेजातल्या वादस्पर्धेचा वाटतो आणि त्याचं उत्तरही लोक तसंच पाठ असल्यासारखं देतात. एक बाजू म्हणते, सार्वभौम देश आहे, परक्यांचा काय संबंध? दुसरी म्हणते, आजच्या जगात कोण कोणाला परका? या दोन्ही उत्तरांनी माझं समाधान झालं नाही. एकेका निवडणुकीचे तपशील पाहत गेल्यावर एक भेद मला उत्तरोत्तर महत्त्वाचा वाटू लागला आणि सगळं पुस्तक त्याच भेदावर उभं आहे. परका माणूस दोन गोष्टी सांगू शकतो. एक, त्याला काय ठाऊक आहे. दुसरी, त्याला कोण हवा आहे. पहिली साक्ष आहे. ती तपासता येते, उलटतपासणी करता येते, खोटी निघाली तर फेकून देता येते. दुसरी पसंती आहे. तिच्यामागे त्याच्या देशाचे, धंद्याचे, भीतीचे हिशेब असतात आणि त्या हिशेबांचं ओझं मतदाराने वाहण्याचं काही कारण नाही. साक्ष ऐकावी, पसंती बाजूला ठेवावी, असं माझं म्हणणं आहे. अडचण अशी की या दोन गोष्टी वेगवेगळ्या पाकिटांतून कधीच येत नाहीत.

पुस्तकात काय नाही, तेही इथेच सांगतो. गुप्तहेर खात्यांनी वाटलेला पैसा, १९४८च्या इटलीतल्या निवडणुकीत अमेरिकेने केला तसला छुपा खर्च, हल्लीची बनावट खाती आणि पेरलेल्या अफवा यांना या पुस्तकात जागा दिलेली नाही. तो मताचा प्रश्न नाही, चोरीचा आहे, आणि चोरी वाईट हे सिद्ध करायला पुस्तक लागत नाही. माझा विषय आहे उघडपणे, नाव लावून, पुष्कळदा चांगल्या हेतूने सांगितलेलं मत.

हेतू चांगला असतो, हे मी मनापासून म्हणतो. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष कोण, हे ओहायो आणि पेनसिल्व्हेनियातले मतदार ठरवतात आणि त्याचे परिणाम बगदादमध्ये, काबूलमध्ये भोगले जातात. २०२५मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेलं, तेव्हा मुंबईच्या हिरेबाजारातल्या माणसाला त्या देशाच्या निवडणुकीत मत नव्हतं, पण तिचा निकाल मात्र त्याच्या दुकानात शिरला. न्यू जर्सीत नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्या मराठी कुटुंबांची झोप वॉशिंग्टनच्या एका सहीवर अवलंबून असते. अशा माणसांना त्या निवडणुकीविषयी काही म्हणायचंच नाही, असं कसं होईल? त्यांनी जरूर बोलावं. प्रश्न ऐकणाऱ्याने त्या बोलण्याचं काय करायचं, हा आहे.

ब्रिटनमधल्या ‘द गार्डियन’ या वर्तमानपत्राने २००४मध्ये याच भावनेतून एक उपक्रम काढला. ओहायो राज्यातला क्लार्क काउंटी हा अटीतटीचा भाग त्यांनी निवडला. आदल्या निवडणुकीत अल गोर यांनी तो अवघ्या ३२४ मतांनी जिंकला होता. तिथल्या मतदारयाद्या सार्वजनिक असतात. त्यातून एकेका वाचकाला एकेका मतदाराचं नाव आणि पत्ता द्यायचा आणि वाचकाने त्या अनोळखी माणसाला पत्र लिहायचं, अशी कल्पना. जॉन ल कॅरे, रिचर्ड डॉकिन्स, अँटोनिया फ्रेझर अशा नामवंतांनी पत्रं लिहिली. पत्ते मागणाऱ्या वाचकांची संख्या हजारांत गेली. मग अमेरिकेतून संतापाचा असा पूर आला की वर्तमानपत्राने उपक्रम आवरता घेतला. नोव्हेंबरात क्लार्क काउंटीने जॉर्ज बुश यांना कौल दिला. पत्रांमुळेच दिला, असं म्हणायला आधार नाही आणि मी म्हणत नाही. पण आपल्याकडे साताऱ्याच्या किंवा वर्ध्याच्या मतदाराच्या दारात लंडनहून असं पत्र आलं असतं तर त्याला काय वाटलं असतं? इराकचं युद्ध क्लार्क काउंटीतल्या माणसाला ठाऊक नव्हतं असं नाही; त्यांच्याच गावची मुलं इराकमध्ये लढत होती. पत्रांत त्यांना नवीन अशी होती ती फक्त लिहिणाऱ्याची इच्छा.

बोलिव्हियाची कथा आणखी थोडक्यात सांगता येते. २००२मध्ये तिथल्या अमेरिकन राजदूताने, मॅन्युएल रोचा यांनी, निवडणुकीच्या तोंडावर जाहीर इशारा दिला की एव्हो मोरालेस यांना निवडून दिलंत तर अमेरिकेची मदत धोक्यात येईल. कोकाची शेती करणाऱ्यांचे नेते असलेले मोरालेस थोडक्या मतांनी दुसरे आले आणि त्यांनी रोचा यांना आपला उत्तम प्रचारक म्हटलं. २००५मध्ये ते राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. हेच रोचा अनेक दशकं क्यूबाचे हस्तक म्हणून काम करत होते, असं पुढे उघड झालं. २०२४मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला आणि त्यांना पंधरा वर्षांची शिक्षा झाली. परक्याच्या पसंतीमागे काय दडलेलं असू शकतं, याचा इतका टोकाचा दाखला क्वचितच मिळेल.

इथवरची उदाहरणं वाचून वाचकाला वाटेल की परक्याला गप्प बसवणं हेच शहाणपण. तसं वाटू नये म्हणून ऑस्ट्रियाचं प्रकरण मी सर्वांत विस्ताराने लिहिलं आहे.

कुर्ट वाल्डहाइम १९७२ ते १९८१ अशी दहा वर्षं संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस होते. ऑस्ट्रियासारख्या लहान देशाला त्यांचा अभिमान होता, आणि १९८६मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले तेव्हा जगाने पारखलेला माणूस हीच त्यांची ओळख होती. महायुद्धाविषयी त्यांनी स्वतः सांगितलेली हकिगत अशी: पूर्व आघाडीवर १९४१मध्ये जखमी झालो, मग परत येऊन व्हिएन्नात कायद्याचं शिक्षण पुरं केलं. १९८६च्या मार्चमध्ये बाहेर आलं की मधली वर्षं त्यांनी गाळली होती. १९४२पासून ते बाल्कनमध्ये होते, जनरल अलेक्झांडर ल्योर यांच्या सेनेच्या कचेरीत अधिकारी म्हणून. ल्योर यांना पुढे युगोस्लाव्हियात युद्धगुन्ह्यांसाठी मृत्युदंड झाला. ही कचेरी ग्रीसमधल्या थेसालोनिकी शहरावरच्या टेकड्यांत होती. त्या शहरातून १९४३मध्ये चाळीस हजारांहून जास्त ज्यूंना आगगाड्यांत कोंबून आउशवित्झला पाठवलं गेलं. शहराच्या लोकसंख्येचा एवढा मोठा भाग नाहीसा झाला, आणि आपल्याला त्यातलं काही कळलं नाही, असं वाल्डहाइम म्हणत राहिले. मी फक्त कर्तव्य केलं, हे त्यांचं वाक्य त्या वर्षी ऑस्ट्रियाभर घुमलं.

जागतिक ज्यू काँग्रेस आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ यांनी हे प्रकरण लावून धरलं. ऑस्ट्रियात प्रतिक्रिया झाली ती दुखावलेल्या अभिमानाची. ‘आता तर मुद्दामच’ अशा अर्थाच्या घोषणेचे फलक लागले. आम्ही कोणाला निवडायचं हे आम्ही ठरवू, असं ठणकावलं गेलं, आणि त्याच्या आडून जुना ज्यूद्वेषही उजळ माथ्याने बोलू लागला. पहिल्या फेरीत वाल्डहाइम यांना ४९.६ टक्के मतं पडली. ८ जूनच्या दुसऱ्या फेरीत ५३.९ टक्के मतांनी ते जिंकले.

अर्जेंटिनाच्या कथेशी हे तंतोतंत जुळतं असं वरवर दिसतं. पण दोन गोष्टींनी ते वेगळं होतं. पहिली ही की इथे बाहेरून आलेल्या गोष्टीचा गाभा साक्षीचा होता. त्या माणसाने आपल्या आयुष्यातली वर्षं लपवली होती, हे खरं होतं आणि कागदांनी सिद्ध होत होतं. मतदाराला हे कळणं त्याच्या हक्काचं होतं, मग ते कळवणारा न्यूयॉर्कमध्ये बसलेला का असेना. दुसरी गोष्ट मला अधिक बोचते. कागद खणून काढणाऱ्यांत व्हिएन्नाचं ‘प्रोफिल’ हे साप्ताहिक होतं. त्याचे पत्रकार ह्यूबर्टस चेर्निन ऑस्ट्रियाचेच. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये बातमी येण्याआधी ती त्यांनी छापली होती. म्हणजे साक्ष घरातूनच आली होती. पण परदेशात तिचा गाजावाजा झाला आणि मतदाराने तिला परकी ठरवून टाकलं. आपल्याच पत्रकाराचं काम परक्याचं कारस्थान म्हणून झटकता आलं. सत्याकडे पाठ फिरवायला इतकी सोयीची वाट दुसरी नाही, आणि ती कोणत्याही देशात केव्हाही खुली असते.

याची किंमत ऑस्ट्रियानेच मोजली. निकालानंतर लगेच चॅन्सेलर सिनोवात्झ यांनी राजीनामा दिला. १९८७च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने एका देशाच्या विद्यमान राष्ट्रप्रमुखाला प्रवेशबंदीच्या यादीत घातलं. पाश्चात्त्य देशांनी वाल्डहाइम यांना आमंत्रणं देणं टाळलं आणि राष्ट्राध्यक्ष आपल्या प्रासादात एकटे पडले. ऑस्ट्रियाच्या सरकारने नेमलेल्या आंतरराष्ट्रीय इतिहासकारांच्या समितीने १९८८मध्ये निष्कर्ष दिला: प्रत्यक्ष गुन्ह्यात त्यांचा हात असल्याचा पुरावा नाही, पण ते सांगतात त्याहून कितीतरी अधिक त्यांना ठाऊक होतं. १९९२मध्ये ते पुन्हा उभे राहिले नाहीत.

तरीही ती साक्ष वाया गेली नाही. आपण हिटलरचे पहिले बळी, या समजुतीत ऑस्ट्रिया चाळीस वर्षं सुखाने राहिला होता. वाल्डहाइम प्रकरणाने शाळांत, घरांत, वर्तमानपत्रांत आजोबा युद्धात काय करत होते हा प्रश्न आणला. १९९१च्या जुलैमध्ये चॅन्सेलर फ्रान्झ व्रानित्स्की यांनी संसदेत उभं राहून नाझी गुन्ह्यांतला ऑस्ट्रियन लोकांचा वाटा मान्य केला. निवडणुकीत हरलेली साक्ष पाच वर्षांनी संसदेत स्वीकारली गेली.

माझ्या भेदाला खरं आव्हान देते ती दक्षिण आफ्रिका. वर्णद्वेषी राजवट जावी, ही जगाची पसंतीच होती. ती साक्षीपुरती थांबली नाही. निर्बंध आले, बहिष्कार आले. १७ मार्च १९९२ रोजी तिथल्या गोऱ्या मतदारांनी सार्वमतात सुधारणांच्या बाजूने ६८.७ टक्के मतं दिली, तेव्हा पुन्हा वाळीत टाकलं जाण्याची भीती त्यांच्यासमोर होती. क्रिकेट पाहणाऱ्या मराठी वाचकाला ते दिवस आठवतील: आदल्या नोव्हेंबरात कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर त्यांचा संघ परतला होता आणि सार्वमताच्या दिवशी तो ऑस्ट्रेलियात विश्वचषक खेळत होता. मग परक्यांची पसंती इथे का योग्य? कारण देशातल्या बहुसंख्यांना मतच नव्हतं, आणि बहिष्कार टाका असं जगाला विनवणारे त्यांचेच नेते होते. जिथे घरच्या माणसाला कौल देण्याचा हक्क नाही, तिथे त्याने हाक मारल्यावर बाहेरच्याने धावून जाणं वेगळं. जिथे पेट्या ठेवलेल्या आहेत आणि मोजणी खरी होते, तिथे ते धावून जाणं ढवळाढवळ ठरतं.

आपल्याकडे ‘परकीय हात’ हे शब्द आणीबाणीच्या आगेमागे इतके वापरले गेले की त्यांची धार गेली. परदेशी वर्तमानपत्रं तेव्हा इंदिरा गांधींवर टीका करत होती. बीबीसीचे मार्क टली यांना देशाबाहेर जावं लागलं. इथली वर्तमानपत्रं सेन्सॉरखाली असताना अनेक घरांत बीबीसीच्या बातम्या लावल्या जात. ऐकणाऱ्याला त्यातून बातमी हवी होती, लंडनचा सल्ला नको होता. १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्ष म्हणून आणीबाणीविरुद्ध आवाज उठवला. परदेशी अग्रलेखांत त्या आवाजाचं बळ असणं शक्य नव्हतं, कारण बोलण्याची किंमत त्या इथेच राहून मोजणार होत्या, आणि त्यांनी ती तुरुंगात जाऊन मोजली. १९७७ला रायबरेलीच्या मतदाराने इंदिरा गांधींना हरवलं ते सक्तीच्या नसबंदीचा अनुभव घेऊन.

२००५च्या मार्चमध्ये अमेरिकेने गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांना व्हिसा नाकारला, तेव्हा त्याचा निषेध करणारं सरकार त्यांच्या राजकीय विरोधकांचं होतं. पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी संसदेत तसं निवेदन केलं. हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. गुजरातमधल्या २००२च्या दंगलींविषयी प्रश्न विचारणं आणि परक्या सरकारने आपल्या निवडून आलेल्या माणसावर शिक्का मारणं, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात, हे त्यात दिसतं. पहिलं काम भारतीय न्यायालयांचं, आयोगांचं, पत्रकारांचं आणि मतदारांचं होतं. २०१४मध्ये मोदी पंतप्रधान झाले आणि त्याच वर्षी अमेरिकेने त्यांचं स्वागत केलं. त्या देशाची नापसंती किती पक्की होती, हे त्यावरून कळतं.

परदेशातल्या मराठी वाचकांना एक गोष्ट सांगायची आहे. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी नागरिकाला २०११पासून मतदार म्हणून नाव नोंदवता येतं. मतदानाला मात्र प्रत्यक्ष यावं लागतं. ज्यांनी दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं त्यांना हा हक्क नाही, आणि तो नसणं मला योग्य वाटतं. माया कमी झाली असं त्याचं कारण नाही. निकालाबरोबर रोज राहायचं आहे ते इथल्या माणसाला. तुम्ही तिथल्या शाळा, दवाखाने, पोलीस, न्यायालयं पाहिली आहेत. ती कशी चालतात ते बारकाईने लिहा, आकडे द्या, तिथे काय बिघडलं आहे तेही लिहा. इथे कोणाला निवडावं, हे मात्र सांगू नका.

पुस्तकातली प्रकरणं कालक्रमाने लावली आहेत, पण ती त्याच क्रमाने वाचायला हवीत असं नाही. वेळ थोडा असेल तर ऑस्ट्रियाचं प्रकरण आधी वाचा. आणि ते वाचताना, आपल्या आवडत्या नेत्याविषयी परदेशातून आलेली शेवटची नकोशी बातमी कोणती होती आणि तिच्यातला तपशील आपण तपासला होता का, एवढं स्वतःला विचारा, ही विनंती.